तासाचा दर

पाटीवर खडूनं लिहिलं होतं: चिखलणी, तासाला सहाशे.
मग सहाशे पुसून साडेपाचशे.
मग आकड्याच्या जागी नुसतं पांढुरकं,
चार दिवस.

आता कागदावर मांडतो.
डिझेल तासाला दीड लिटर,
खाजणाकडची माती असेल तर दोन.
पात्यांचा जोड हंगामाला एक. बेल्ट.
गिअरचं खोकं मांडीवर घेऊन मनोरीहून तरीनं मार्वे,
तिथून रिक्षा. मालाडचा मिस्त्री म्हणतो,
"टिलर? मुंबईत?"
आणि हसण्याचेही पैसे लावतो.
बँकेचा हप्ता पाच तारखेला,
आवण उगवो न उगवो.
पाठ लिहायची का?
बापानं कधी लिहिली नव्हती.
त्याचे रेडे होते, आणि रेड्यांचा पेंढा
ज्याच्या शेतात औत, त्याच्याच माळ्यावरून यायचा.

कुळवेमचा क्लेमेंत म्हणतो, गुंठ्यावर घे,
गुंठा खोटं बोलत नाही.
बोलतो.
सातबाऱ्यावर नऊ,
त्यातले दोन कुणाच्या तरी कंपाउंडखाली,
एक भेंडीच्या सावलीत,
जिथं भात नुसता उंच होतो, दाणा धरत नाही.
आणि कोपरे!
मागं घे, उचल, ढकल, शिवी घाल.
सुपाएवढ्या तुकड्यात यंत्र चालत कमी, वळत जास्त.
तासावर घ्यावं, तर मालक बांधावर उभा
मनगट डोळ्यांसमोर धरून.
बिडी पेटवली की म्हणतो,
"ही तुझ्या हिशेबात."

बंगलेवाल्या साहेबांना वेगळा दर. लपवत नाही.
पाव एकर भात,
पाहुण्यांनी चिखलात उतरून फोटो काढावेत म्हणून.
मी हजार सांगितले, त्यांनी बाराशे दिले,
वर म्हणाले, "जरा हळू चालवा ना."
हळू चालवलं.

फिलमीनमावशीचे बारा गुंठे, चार तुकड्यांत,
खाडीच्या अंगाला. उधाणाला बांध ठिबकतो.
टिलर बंद केला तेव्हा
एक तास चाळीस मिनिटं झाली होती.
मी म्हटलं, "मावशी, पाचशे द्या. पुरे."
"पाचशे कसले?"
"असू द्या."
ती गवताच्या बोळ्यानं पोटरीवरचा चिखल काढत होती.
"इस्टेवन, क्लेमेंतकडून काय घेतोस?"
"सहाशे. तासाला."
"मग माझा तास लहान काय?"

तिनं घासाघीस केली असती
तर मी तेल, पाती, हप्ता सगळं ऐकवलं असतं,
तोंडपाठ होतं.
ती म्हणाली,
"दोन मण मी खाते. बाकी विकते. दरानं विकते.
तू सवलत दे, की उद्या गाव म्हणेल,
म्हातारी हौसेनं चिखल तुडवते.
मग बांध फुटला तर येणार कोण?
हौसेचा बांध घालायला कोण उठतं रे पहाटे?"

कनवटीची पिशवी सोडली.
शंभराच्या दहा नोटा मोजल्या, थुंकी लावून, दोनदा.
मग थांबली.
"कोपरे झाले?"
खरं सांगायचं तर दोन राहिले होते,
पलीकडच्या तुकड्यातले.
"राहिलेत," म्हटलं.
"मग नऊशे. ते मी कुदळीनं करीन."
एक नोट परत पिशवीत गेली.
मला वाटलं होतं ती ठेवून घ्या म्हणेल.

आज पाटीवर लिहिलं:
चिखलणी, तासाला सहाशे, कोपऱ्यांसकट.
बिडी वजा.
खाली मळणीसाठी जागा सोडलीय.
ते अजून ठरत नाही, पोत्यावर घ्यावं की तासावर.
क्लेमेंत म्हणतो पोत्यावर,
पण त्याची पोती भरतात.
खडू दुकानदाराकडेच ठेवलाय.